शेवटच्या रांगेतली आई

भातकापणीच्या दिवसांत धसईच्या एसटी थांब्यावर ती मुलगी मला रोज दिसायची. संगीत नाटकाच्या कंपनीत नुकतीच शिकायला लागलेली. माईकशिवाय गायचं आणि शेवटच्या रांगेलाही शब्द कळला पाहिजे, ही तिथली शिस्त. म्हणून गाडी येईपर्यंत ती पद गायची, लांब खाचरात भात कापणाऱ्या आईकडे तोंड करून.

"आयचा विळा वर गेला का समजायचं, शब्द पोचला," तिनेच मला सांगितलं होतं.

त्या दिवशी कंपनीत तिची परीक्षा होती. पद संपलं, पण विळा वर गेला नाही. तिचा चेहरा पडला. "नाय पोचला आज."

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हटलं, "अगं, नीट बघ तरी!"

खाचरातल्या साऱ्या बायका कापणी थांबवून उभ्या होत्या. आई विळा वर करायलाच विसरली होती.