नगातच्या फाइली

अलेक्झांड्रियाच्या अत्तारीन भागात माझं चष्म्यांचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात नझमी बसायचा. बंदराच्या कचेरीत तीस वर्षं संगणक सांभाळून निवृत्त झालेला, हट्टी आणि कमी बोलणारा माणूस. कचेरीनं जुने संगणक भंगारात काढले, तेव्हा एक त्यानं उचलून आणला. भंगाराच्या कागदावर सही होती कचेरीतल्याच त्याच्या जिवलग दोस्ताची, गिर्गिसची. तेव्हापासून अकरा वर्षं दोघांत अबोला.

एका सकाळी नझमीकडे मादाम इहसान आल्या. हातात बिस्किटांचा डबा, आत संगणकाच्या जुन्या फ्लॉप्या. त्यांची धाकटी बहीण नगात शाळेत शिकवायची. किनाऱ्यावरच्या अन्फूशीतल्या कोळणींकडून वाऱ्यांची, वादळांची, जाळ्यांच्या गाठींची नावं तिनं वीस वर्षं गोळा केली होती. वसंतात ती गेली. नव्या संगणकावर तिच्या फाइली उघडल्या की नुसत्या चौकटी आणि चिन्हं दिसत. भाच्यानं सांगितलं होतं, टाकून द्या.

नझमीनं डबा ठेवून घेतला. ही अक्षरं डॉस या संगणक चालवणाऱ्या जुन्या प्रणालीच्या अरबी आवृत्तीत लिहिलेली होती आणि तीच प्रणाली संगणकात घातल्याशिवाय वाचता येणार नव्हती. त्याच्या संगणकाची हार्ड डिस्क केव्हाच बिघडली होती. त्यानं कुठूनशी दुसरी मिळवून बसवली आणि डॉसच्या फ्लॉप्या एकेक करून घालायला लागला. पाच नीट चालल्या. सहावीवर यंत्र खरखरलं आणि थांबलं. समुद्राच्या दमट हवेनं तिला बुरशी धरली होती. स्पिरिटनं पुसून पाहिली, तीनदा. नाहीच.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "दुसरा संच गिर्गिसकडे असेल. तो काही टाकत नाही." मग स्वतःशीच हसला, कारण आजवर त्याची तक्रार नेमकी उलटी होती.

मी सोबत गेलो. गिर्गिसनं दार उघडलं, नझमीला नीट न्याहाळलं.

"अकरा वर्षं लागली होय रे तुला तीन मजले चढायला?"

"सहावी फ्लॉपी हवीय."

"आणि मी?"

नझमी खाली बघत म्हणाला, "तूही चल. माझ्या बोटांना आता कंप आहे."

गिर्गिसनं कपाटातून फ्लॉप्यांचा संच काढला आणि बूट घातले. वाटेत तो एवढंच बोलला की सही केली नसती तर दुसऱ्या कुणीतरी केलीच असती. नझमीनं मान डोलावली. तेवढ्यात सगळं मिटलं असं नाही, पण दोघं रस्त्याच्या एकाच बाजूनं चालत होते.

दुपारपर्यंत डॉस बसली. मादाम इहसान पडद्यासमोर बसल्या. पहिल्याच फाइलीत एका वादळाचं नाव होतं, पुढे 'तीन दिवसांचं', आणि खाली नगातनं लिहिलं होतं: 'अर्थ इहसाननं सांगितला. भांडी घासताना. मी ऐकत नाही असं तिला वाटतं.'

मादामनी चष्मा काढला.

मग त्या म्हणाल्या, "हिनं चुकीचं लिहिलंय. ते वादळ चार दिवसांचं असतं, तीन नाही."

"तीनच," गिर्गिस म्हणाला. त्याचा बाप कोळी होता.

"तुमच्या वडिलांना एक दिवस झोप लागली असेल," मादाम म्हणाल्या, आणि नझमीला विचारलं, की चार हा आकडा कुठल्या बटणानं उमटतो.