ओसरीवरचा बेलभंडार

"हात पुढे कर. बेलभंडार उचल. म्हण, आजपासून दारूला शिवणार नाही."

धारमधल्या एका दवाखान्याच्या ओसरीवर, भर गर्दीत, डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला हे सांगितलं. नवऱ्याचे डोळे पिवळे झालेले. पाय सुजलेले. पोटात पाणी भरून ते इतकं ताणलेलं की धोतराची गाठ बसत नव्हती. आणि त्या माणसानं जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता.

आम्ही जीनगर. वाडवडील मराठ्यांच्या लष्कराबरोबर इकडे माळव्यात आले, घोड्यांची जीनं शिवत राहिले. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, जीनंही गेली. आमची जात काही विलीन झाली नाही. जीनगर म्हणजे चामडं, चामडं म्हणजे दारू. डॉक्टरांना एवढं पुरलं. त्यांच्या घराण्याला दरबारात मानाची जागा होती. पोट सुजलेला गरीब आला की आधी शपथ, मग औषध. स्टुलावर ताट मांडलेलंच असायचं, बेलाची पानं आणि हळद. ह्याला ते रोग्याला केलेला उपदेश म्हणायचे.

नवरा म्हणाला, "साहेब, मी पीत नाही."

"सगळे हेच म्हणतात. लिव्हर खोटं बोलत नाही."

मागून कंपाउंडर म्हणाला, "अरे भिया, उठा ले नी जल्दी. लाइन लंबी है."

बेलभंडार म्हणजे आमच्यात खेळ नव्हे. तो उचलून खोटं बोललं तर कुळाचं वाटोळं होतं, असं मानतात. न उचलावा तर पोटातलं पाणी काढत नाहीत, आणि श्वास तर लागलेला. उचलावा तर पीत होतो हे चारचौघांत कबूल. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग उचलला.

पाणी काढलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, जीनगर दारुडा निघाला. माझ्या सख्ख्या जावेनं विचारलं, "कधीपासून लपवत होतीस गं?"

पोट परत पाण्यानं भरलं. भरणारच होतं, दुखणं काय शपथेनं जातं? परत गेलो. डॉक्टरांनी ताटाकडे बोट दाखवलं.

"शपथ मोडलीस. आता माझ्याकडे औषध नाही."

एवढं बोलून ते शेजारच्या खोलीत गेले. तिला खाशांची खोली म्हणत. दार उघडंच राहिलं. आत एक सरदार पडलेले. तेच पिवळे डोळे, तेच पोट. शिकारीला जाताना त्यांच्या बाटल्या न्यायची चामड्याची पेटी माझ्या नवऱ्यानंच शिवली होती. डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. हळू आवाजात म्हणाले, "सरकार, थोडं अपचन आहे. हवापालट करावा. जमल्यास घेणं जरा कमी करावं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ताट उचललं, आत गेले, पलंगापाशी ठेवलं.

"आधी यांना उचलू द्या. बाटल्यांची पेटी आमच्याच घरात शिवलीय."

सरदारांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, "हिला बाहेर काढा."

बाहेर नवरा पायरीवर बसला होता. शेजारी धरमपुरीकडचा एक भिल्ल, तोही पोट धरून. तो मला म्हणाला, "हूँ तो पियूँ हूँ, बई. पण पेट तो म्हारो भी दुखे."

तेव्हा मला खरं कळलं. माझा नवरा पीत नाही, एवढंच ओरडून भागणार नव्हतं. पिणाऱ्यालाही दुखतं. त्यालाही शेजारी बसून, हळू आवाजात सांगता येतं. सरकारांना सांगितलंच की.

कंपाउंडर आला. "माफी माग, बेलभंडार उचल, साहेब पाणी काढतील."

नवरा म्हणाला, "एकदा खोटं उचललं. आता नाही."

मी त्याला हात देऊन उठवलं. देवासला माझ्या भावाकडे नेलं. तिथल्या डॉक्टरनं आत बसवून विचारलं, ऐकलं, विश्वास ठेवला. म्हणाला, लिव्हर दारूशिवायही खराब होतं. पण फार उशीर झाला होता. नवरा गेला.

दहाव्याला कुणी कुजबुजलं, दारूनं गेला. मी उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, दारूनं नाही, त्या शपथेनं गेला.

ते ताट अजून ओसरीवर मांडतात. बाजाराच्या दिवशी मी तिथं जाऊन उभी राहते. कुणाचा हात ताटाकडे गेला की मनगट धरते आणि आतल्या दाराकडे बघून मोठ्यानं विचारते, "सरकारांनी उचलला का?" मला हाकलतात. पुढच्या बाजाराला मी पुन्हा तिथं असते. ते ताट तिथून कायमचं उठेपर्यंत जात राहणार आहे.