राजाच्या गुडघ्यावर हात

डॉर्कस फेन कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हतीच. सफोकमधल्या त्या खेड्यात तिच्या चीजला मागणी होती आणि जिभेला धार. नवरा ॲम्ब्रोज गेल्यावर तिच्याजवळ उरल्या चार गाई आणि एक जाडजूड पोथी. जुन्या राजांचे कायदे, कातड्याच्या पानांवर हाताने लिहिलेले. त्यातली भाषा पाद्रीबाबालाही धड लागत नसे. पण पहिल्याच पानावर सोन्याच्या वर्खात सिंहासनावर बसलेला राजा होता आणि गावाला तेवढा पुरे होता. बांधावरून भांडण झालं, कुणाची मेंढी कुणाच्या कळपात सापडली, की दोघांना फेनांच्या स्वयंपाकघरात आणायचं, राजाच्या गुडघ्यावर हात ठेवायला लावायचा आणि मग बोलू द्यायचं. गुडघ्यांवरचा वर्ख केव्हाच उडाला होता, पण तिथे खोटं बोलायची कुणाची छाती होत नसे. पोथी ज्याची, त्याने ती उघडायची. हा मान डॉर्कसला जिवापाड प्यारा होता.

ॲम्ब्रोजचा धाकटा भाऊ जेबेझ मात्र वेगळ्याच तयारीत होता. एका सकाळी तो लंडनच्या लेथब्रिजसाहेबांना घेऊन दारात उभा राहिला. साहेबांना जुनी चित्रं कापून वहीत डकवायचा शौक. राजा कापून साहेबांनी न्यायचा आणि उरलेली कातड्याची पानं सरस, म्हणजे चिकटवायचा गोंद, शिजवणाऱ्याला द्यायची, असा दोघांचा बेत. मरताना भावाने पोथी मलाच दिली, असं जेबेझ सांगू लागला.

डॉर्कसच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आतून ती घाबरलीही. ॲम्ब्रोजच्या शेवटच्या घटकेला ती क्षणभर चुलीकडे गेली होती, तेवढ्यात जेबेझ एकटाच त्याच्याजवळ होता, आणि विधवेचा शब्द साहेबापुढे कितीसा टिकणार? साहेबांची बग्गी बघून अर्धं गाव दारात जमलंच होतं. तिने पोथी टेबलावर आणून उघडली.

"भावोजी, ठेवा हात. 'दादाने मला दिली' म्हणा आणि खुशाल घेऊन जा. मी अडवायची नाही."

"वहिनी, साहेबांपुढे हा पोरखेळ कशाला?"

"पोरखेळच आहे तर ठेव की," दारातून सायलस लोहार म्हणाला. "राजा काय चावतोय?"

साहेबही म्हणाले, उरका एकदाचं. जेबेझने हात पुढे केला. बोटं राजाच्या पायांपाशी पोचली आणि तिथेच अडली. त्याने हात मागे घेतला.

"नाही दिली," तो म्हणाला. "माझं नावसुद्धा काढलं नाही त्याने."

दारातली माणसं हसली. डॉर्कसला हसू आलं नाही. दिराची कीव आली, आणि त्याहून मोठा आनंद तिच्या छातीत मावेना.

साहेब सहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी पोथीचं शेवटचं पान उघडलं. तिथे पूर्वीच्या मालकांनी आपापली नावं लिहिली होती: एक मठवासी, एक वकील, एक बिअर गाळणारा, मग तीन पिढ्यांचे फेन. बघा बाई, साहेब म्हणाले, हा पुरुषांनी सांभाळायचा ग्रंथ, तुम्ही विकून मोकळ्या व्हा.

"साहेब, लेखणी असेलच तुमच्याजवळ," डॉर्कस म्हणाली. "द्या जरा."

त्यांनी खिशातून काढून दिली. डॉर्कसने ॲप्रनला हात पुसले आणि ॲम्ब्रोजच्या नावाखाली सगळ्या पुरुषांपेक्षा मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. मग तिने पान जेबेझपुढे सरकवलं.

"भावोजी, वाचा. मोठ्याने वाचा, दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

आणि जेबेझने वाचलं.