मी खोडलेलं अक्षर

ताईंना कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारा, आधी चष्मा कपाळावर सरकायचा आणि मग उलटा प्रश्न यायचा, "कुणाबद्दल बोलतोयस?" माणूस कळल्याशिवाय त्या कुठल्याच विशेषणाला हात लावत नसत.

नोएडातल्या आमच्या ऑफिसात मुलांसाठी चित्रकोश तयार होत. त्यातली आयरिश भाषा ताईंकडे होती. गाझियाबादच्या मराठी ख्रिस्ती बाईला आयरिश कशी येते, असं तुम्हीही विचाराल. शाळेत एका आयरिश सिस्टरनं हौसेनं शिकवली, या हौसेनं शिकल्या.

एकदा 'मकॉन्ता' हा शब्द आला. मी म्हटलं, "ताई, 'प्रामाणिक' लिहू?"

"लिही. पण सालससुद्धा."

"सालस म्हणजे?"

"दिल्लीत वाढलास ना, यार!" त्या हसल्या. "प्रामाणिक, पण त्याचा तोरा नसलेला."

मग व्याकरण. आपण खरा माणूस, खरी बाई म्हणतो, शेवट बदलतो. आयरिशमध्ये या शब्दाचा शेवट तसाच राहतो. स्त्रीलिंगी नामानंतर आला की सुरुवात मऊ होते. पहिल्या अक्षरानंतर एक एच लागतो आणि 'म'चा 'व' ऐकू येतो. मी मान डोलावली. लक्ष मोबाइलमध्ये होतं.

छपाईच्या आदल्या दिवशी ताई रजेवर होत्या. शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं. 'प्रामाणिक बाई'च्या चित्राखालचा तो एच मला टायपिंगची चूक वाटला. मी खोडला. त्यांना एक फोनही केला नाही.

पुस्तकं आयर्लंडला पोचली आणि तो एच नसल्याची तक्रार आली. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "आयरिश कौन देखता है?"

ताईंनी प्रूफ उचललं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"मैं ही देखती हूँ, सर," त्या म्हणाल्या.

महिन्याभरात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ते वाढवलं गेलं नाही. टेबल आवरताना त्यांनी आपला जुना आयरिश शब्दकोश माझ्या हातात ठेवला. मी "थँक्यू, ताई" म्हणालो. तेवढंच.

वर्ष लागलं मला गाझियाबादला त्यांच्या घरी जायला. दारातच म्हणालो, "ताई, तो एच मी काढला होता."

"माहीत आहे रे. पेनची खूण तुझीच होती."

"मग तेव्हा सांगितलंत का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवसापर्यंत."