ओढीची गाडी

आबा, म्हणजे माझे वडील, हल्ली मला पाहुणा समजतात. "पाव्हणं, च्या घेतल्याबिगर जाऊ नगा," म्हणतात आणि पोटच्या पोरापुढं हात जोडतात. डॉक्टरांनी या आजाराचं नाव सांगितलं. नाव घेऊन मी काय करू? मला फार राग येतो, आणि तो काढायला कुणी सापडत नाही.

त्यांना पक्का आठवतो तो बैल. शर्यतीचा होता. शर्यती बंद पडल्या तेव्हा गावातल्या बहुतेकांनी आपल्या बैलांना बाजार दाखवला. आबांनी दाखवला नाही. पळाचा बैल त्यांनी नेट लावून ओढीचा केला, नांगराला चालवला. म्हातारपणी बेडसे गावाच्या वरच्या माळावर चरताना तो बसला तो उठलाच नाही. तिथंच आम्ही दोघांनी खड्डा खणून त्याला पुरला आणि वर धोंडा ठेवला.

"मला बैलाकडं न्या," एवढंच आबा रोज म्हणायचे. मला वाटायचं, त्या धोंड्यापाशी नेलं तर कदाचित खड्डा खणणारा मुलगाही त्यांना आठवेल. एकदा नावानं हाक मारतील. मला तेवढंच हवं होतं.

माळावर जायला पायवाट आहे, पण आबांचे गुडघे गेलेले. माझ्याकडं एटीव्ही होती. लोणावळ्याजवळ पर्यटकांना अशा गाड्या चालवायला देणाऱ्या एका ठिकाणी मी कामाला होतो. ते बंद पडलं तेव्हा मालकानं ही चार चाकांची मोटरसायकल माझ्या गळ्यात मारली. सपाटीला ती सुसाट जायची आणि चढ दिसला की रडायची. जातच पळाची.

कान्हे फाट्यावर एक चाचा गाड्या दुरुस्त करतात. त्यांच्याकडं गाडी टाकली आणि म्हणालो, "चाचा, सॉकेट बदला. घाटाची करून द्या." चेन ज्यांच्यावर फिरते त्या दातेरी चाकांना आमच्याकडं सॉकेट म्हणतात. एक इंजिनापाशी, एक मागच्या चाकांकडं. पुढचं लहान केलं की गाडीला ओढ येते, मोठं केलं की पळ. आणि मावळात घाटही दोन. एक डोंगराचा, दुसरा बैलगाडे पळवायचा. चाचा जन्माचे गाडाशौकीन. त्यांनी पुढचं सॉकेट मोठं घातलं.

अर्ध्या चढावर क्लच जळल्याचा वास आला आणि गाडी बंद पडली. मागं बसलेले आबा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, ह्यो बैल पळाचा हाय. ह्याला ओढीला घालू नगा." कशीबशी गाडी उलटी उतरवली. घरी येईपर्यंत आम्ही का निघालो होतो हे ते विसरले होते.

मी चाचांवर खेकसलो. "घाट म्हनलास तू," ते म्हणाले. "मला काय सपान पडनार हाय, कंचा घाट?" मग मी सगळं सांगितलं. त्यांनी पाना उचलला. "तुज्या आबाचा बैल मी पळताना बघितलाय रं," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. पुढं पहिल्यापेक्षाही एक दात कमी, मागं मोठं चाक. चेन अपुरी पडली म्हणून कडी वाढवली. "आता पळायची न्हाई," ते म्हणाले, "पन वाटंत बसायची बी न्हाई."

त्या गाडीला सीट एकाचीच. मी टाकीला चिकटून बसलो, आबांना मागं घेतलं आणि त्यांच्याच पंच्यानं त्यांना माझ्या कमरेशी बांधलं. गाडी दगडांवरून सावकाश, न कुरकुरता चढू लागली. जिथं मागच्या वेळी अडलो होतो तिथं आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि हाक दिली. बैलाच्या नावानं. पुढच्या प्रत्येक चढाला ते तीच थाप मारत राहिले, तेच नाव घेत राहिले. पाहुण्याच्या पाठीवर कुणी अशी थाप मारत नाही. मला बरं वाटलं आणि रडूही आलं.

वर पोचल्यावर पंचा सोडून त्यांना धोंड्यापाशी नेलं. त्यांनी तो निरखून पाहिला. "ह्यो कुनाचा धोंडा?"

खाली पुरलाय त्याचंच नाव घेऊन ते अर्धा चढ मला हाकत आले होते. तो मेला हे मी त्यांना कसं सांगणार?

"असाच हाय, आबा," म्हणालो.

"मग चल," ते म्हणाले. पंचा झटकला आणि माझी मान, पाठ, खांदे पुसायला लागले. नांगर सुटल्यावर बैलाचा घाम ते असाच पुसायचे. मी मान खाली घातली आणि त्यांचं पुसून होईपर्यंत उभा राहिलो.