अंबाडीचं फूल

विद्यानगरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत आईचा भरतकामाचा क्लास चालायचा. चालायचा म्हणजे, घरोघरी केबल येईपर्यंत. मग मुली दिलसुखनगरला कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागल्या, दुकानांत मशीनवर भरलेले तयार ड्रेस आले, आणि आईकडे दोनच मुली उरल्या. त्यातल्या एकीचं लग्न ठरलेलं. दिवाळीनंतर क्लास बंद, असं आईने जाहीर करून टाकलं आणि त्या दिवसापासून ती घरात कुणाशी धड बोलेना.

आई शिकवायची फक्त कसुती. कापडाचे धागे मोजून टाका घालायचा, आधी नक्षी काढून घ्यायची नाही, गाठ मारायची नाही आणि उलटी बाजू सुलटीसारखीच दिसली पाहिजे. बाकी सगळं तिच्या मते थोतांड. मी पोटची मुलगी असून तिच्या हाताखाली टिकले नाही, यातच काय ते आलं.

त्या सुमारास शेजारच्या प्राध्यापक काकूंकडे हंगेरीच्या एक बाई पाहुण्या आल्या. काकू त्यांना आमच्याकडे घेऊन आल्या, तर आईने चहा विचारायच्या आधीच त्यांच्या ब्लाउजची बाही धरून उलटून पाहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या आणि त्यांनी दुसरी बाहीही पुढे केली.

मग काकूंच्या मध्यस्थीने गप्पा रंगल्या. बाई कालोचा भागातल्या. तिथे पांढऱ्या कापडावर रंगीबेरंगी फुलं, मध्येच लाल मिरच्यासुद्धा. त्यांच्याच देशातल्या मात्यो लोकांकडे गुलाब इतके दाटीने भरतात की खालचं कापड दिसू नये.

"पण पूर्वी आमच्याकडे पांढऱ्यावर पांढरंच भरायचे," त्या म्हणाल्या. "गिरणीतले पक्क्या रंगाचे दोरे आले, तेव्हा रंग आले. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. आज त्यालाच आम्ही परंपरा म्हणतो." एक बाई कापडावर फुलं काढून देते आणि बाकीच्या भरतात, हेही त्यांनी सांगितलं.

"काढून देते?" आईने दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने तसलं फूल भरायला घेतलं. पण हात कसुतीचे! उलटी बाजूही तशीच भरगच्च केली. दोरा दुप्पट गेला आणि रुमाल भाजलेल्या पापडासारखा आकसला. "नक्को, हे आपलं नव्हे," म्हणत तिने तो भिरकावला.

संध्याकाळी पाहते तर आई परसात पेन्सिल घेऊन बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा ती कापडावर रेघ मारत होती. समोर अंबाडीचं फूल, फिकट पिवळं, पोटात गडद लाल. आमच्याकडे या झाडाचा पाला तेवढा खातात, फुलाकडे कोण बघतंय?

लग्न ठरलेल्या मुलीने ते ओढणीवर भरलं आणि कॉम्प्युटर क्लासला मिरवलं. तिथल्या मैत्रिणी आल्या, पण त्यांना फक्त रविवारी सवड. "रविवारी कुणी शिकवतं का?" म्हणून आई करवादली, आणि सकाळी सतरंजी तिनेच अंथरली. ते पाहून मला इतकं हायसं वाटलं की मी मुद्दाम तिच्याशी भांडण काढलं. तीही जोरात भांडली.

बाई परत निघाल्या तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आईने त्यांना एक ओढणी दिली. फुलावरून बोट फिरवत त्या काही बोलल्या.

काकूंनी सांगितलं, "त्यांच्याकडे भरतकामावरून गाव ओळखतात. हे कोणत्या गावचं, असं तिकडे विचारतील, म्हणतात."

"विद्यानगरचं म्हणून सांगा की," आई म्हणाली, "आणि शिकायला या म्हणावं. क्लास चालू आहे."