नळीवरचं चुंबक

वरकुट्याच्या रामहरीनं ट्रकच्या डिझेलच्या नळीला, डिझेल वाचतं म्हणून विकतात ते चुंबक बसवलं. कुणी गळ घातली म्हणून नव्हे; उसाची गाडी पोटापुरतंही देईना म्हणून. पहिल्याच आठवड्यात डिझेल खरंच कमी लागलं. रामहरी हरखला. कारखान्याच्या रांगेत भेटेल त्या ड्रायव्हरला तो नळी दाखवत सुटला. त्याच्या शब्दावर चौघांनी चुंबकं घेतली.

पुढच्या आठवड्यात टाकी पुन्हा पहिल्यासारखी पटापट रिकामी होऊ लागली. त्यानं चुंबक पुसलं, उलटं बसवलं, मरणाच्या शिव्या घातल्या. शेवटी तो इंदापुरात दत्तोबा मेस्त्रीकडं गेला.

"डिझेल वाचलं त्या आठवड्यात ऊस कसला भरला व्हता?" दत्तोबानं विचारलं.

"तुऱ्याचा."

बोलता बोलताच रामहरीला उमगलं. तुरा आलेला ऊस आतून पोकळ. गाडी तेवढीच उंच भरली, पण वजन कमी, म्हणून डिझेल कमी. आणि भाडं तर वजनावर! ज्या आठवड्यात तो नाचत होता, त्याच आठवड्यात त्याला सगळ्यात कमी मिळालं होतं.

दत्तोबानं पाना उचलला. "काढू का हे?"

"ऱ्हाऊ दे," रामहरी म्हणाला. "रांगेत ती चौघं आधी माझीच नळी बघत्यात."